पडद्यावरील सादरीकरणाचे नियंत्रण

संगणकात क्रमाने साठविलेली मजकूर, आकृत्या, तक्ते व छायाचित्रे यांची पृष्ठे मोठ्या पडद्यावर दाखवीत श्रोत्यांपुढे एखादा विषय मांडण्याच्या पद्धतीस पडद्यावरील सादरीकरण म्हणतात. त्यातील एका पृष्ठास स्लाइड व विषय मांडणाऱ्या व्यक्तीस सादरकर्ता म्हणण्याचा प्रघात आहे. स्लाइड पुढे सरकविणे, मागे घेणे, मधलीच एखादी स्लाइड काढणे, पडदा काही काळ कोरा करणे, चित्रातील विशिष्ट भागाकडे लक्ष वेधणे आणि त्यावर खुणा करणे या क्रिया सादरकर्ता कळफलक, माउस किंवा हातात धरावयाचे दूरनियंत्रक यांच्या साहाय्याने करतो. या क्रियांसाठी सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या सोयींना सादरीकरणाची नियंत्रणे असे म्हणता येईल.

स्लाइड तयार करणे आणि त्या श्रोत्यांपुढे दाखविणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. पहिले काम निवांतपणे व एकट्याने करता येते. दुसरे श्रोत्यांच्या समक्ष, त्यांच्या शंका व प्रतिसाद लक्षात घेऊन करावे लागते. स्लाइडांचा क्रम आधी ठरलेला असला, तरी श्रोत्यांना प्रश्न त्याच क्रमाने पडत नाहीत. ठरलेला क्रम ऐन वेळी मोडून तो पुन्हा जुळविता येणे, हे नियंत्रणांचे मुख्य प्रयोजन होय. ज्या सभेत दाखविलेल्या आकड्यांवरून कोणाला तरी निर्णय घ्यावयाचा असतो, तेथे हे प्रयोजन विशेष महत्त्वाचे ठरते. विदर्भातील वाशिम जिल्ह्यात शेती, जलसंधारण, शिक्षण व ग्रामविकास या विषयांवरील सभांत अशा निर्णयांचे प्रसंग वारंवार येतात. म्हणून पुढील विवेचनात त्या जिल्ह्यातील उदाहरणे घेतली आहेत.

पूर्वपीठिका : एकामागून एक चित्रे दाखवून कथा सांगण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी (ता. कुडाळ) येथील ठाकर समाजातील चित्रकथी हातात चित्र धरून रामायण-महाभारतातील आख्याने गातात. चित्रांच्या एका संचास ‘पोथी’ म्हणतात. एखाद्या प्रसंगावर किती वेळ थांबावयाचे व पुढचे चित्र केव्हा उचलावयाचे, हे कथा सांगणारा श्रोत्यांकडे पाहून स्वतःच ठरवितो. या पद्धतीत सांगणे व दाखविणे एकाच्याच हाती असते.

सतराव्या शतकात यूरोपात मायादीपाचा म्हणजे मॅजिक लँटर्नचा शोध लागला. डच शास्त्रज्ञ क्रिस्तीआन हायगेन्झ यांनी इ. स. १६५९ च्या सुमारास या उपकरणाचा आराखडा केला होता. काचेवर रंगविलेले चित्र दिव्याच्या प्रकाशाने भिंगातून पडद्यावर मोठे करून टाकणे हे त्याचे तत्त्व होय. महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने मायादीपाचे खेळ केले. हाताने रंगविलेल्या काचपट्ट्या जलद बदलून चित्रांतील पात्रे हालत असल्याचा आभास त्यांत निर्माण केला जाई. भारतीय चित्रपटाच्या पूर्वेतिहासात या खेळांचा आवर्जून उल्लेख होतो. मायादीपाचा उपयोग पुढे आरोग्य, शेती व शिक्षण यांच्या प्रसारासाठीही झाला. तथापि त्यामुळे सांगणारा व दाखविणारा यांची कामे वेगळी झाली. वक्ता पडद्याजवळ व दिवा चालविणारा श्रोत्यांच्या मागे, अशी रचना असल्याने ‘पुढचे चित्र’ असे सांगण्याची किंवा खूण करण्याची पाळी वक्त्यावर येई.

विसाव्या शतकात ३५ मिमी. फिल्मवरील पारदर्शक चित्रे ५० मिमी. चौरस चौकटीत बसवून दाखविण्याची पद्धत रूढ झाली. कोडॅक कंपनीने १९६१ मध्ये बाजारात आणलेल्या ‘कॅरोसेल’ प्रक्षेपकात ८० चित्रांची गोल तबकडी असे आणि तारेने जोडलेल्या बटणाने वक्त्याला चित्र पुढे-मागे करता येई. या प्रकारच्या प्रक्षेपकांचे उत्पादन कंपनीने २००४ मध्ये थांबविले. मधले एखादे चित्र काढावयाचे झाल्यास सामान्यतः वाटेतील सर्व चित्रे ओलांडावी लागत.

संगणकीय सादरीकरणाचा प्रसार ‘पॉवरपॉइंट’ या सॉफ्टवेअरमुळे झाला. अमेरिकेतील फोरथॉट कंपनीत रॉबर्ट गॅस्किन्स यांच्या कल्पनेवरून डेनिस ऑस्टिन व टॉमस रडकिन यांनी ते विकसित केले. एप्रिल १९८७ मध्ये ते मॅकिन्टॉश संगणकासाठी प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने १·४ कोटी डॉलरना ती कंपनी विकत घेतली. विंडोजसाठीची आवृत्ती १९९० मध्ये आली. सुरुवातीला त्याचा उपयोग मुख्यतः पारदर्शिका छापण्यासाठी होत असे. संगणक थेट प्रक्षेपकाला म्हणजेच प्रोजेक्टरला जोडून स्लाइड दाखविण्याची पद्धत नंतरच्या दशकात रुळली. अ‍ॅपलचे ‘कीनोट’, मुक्त प्रणालीतील लिब्रेऑफिसचे ‘इंप्रेस’ आणि महाजालावर चालणारे ‘गूगल स्लाइड्स’ ही याच प्रकारची अन्य सॉफ्टवेअरे होत. महाराष्ट्रात महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या ‘एमएस-सीआयटी’ या अभ्यासक्रमामुळे सादरीकरणाच्या सॉफ्टवेअरचा परिचय तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचला. बोलीभाषेत स्लाइडांच्या संचास ‘पीपीटी’ असेच म्हटले जाते.

या सॉफ्टवेअरांमुळे स्लाइड बदलण्याचे काम पुन्हा बोलणाऱ्याच्या हाती आले आणि कोणतीही स्लाइड थेट काढण्याची सोयही मिळाली. प्रत्यक्षात मात्र अनेक सभांत संगणकाजवळ एक कर्मचारी बसलेला असतो व सादरकर्ता त्याला ‘पुढची घ्या’ असे सांगत राहतो. नियंत्रणांचा परिचय नसणे हे त्याचे एक प्रमुख कारण होय.

मूलभूत नियंत्रणे : पॉवरपॉइंटच्या विंडोज आवृत्तीतील सर्वाधिक उपयोगाची नियंत्रणे पुढे दिली आहेत. यांपैकी बहुतेक इंप्रेसमध्येही चालतात.

कोष्टक क्र. १. सादरीकरण चालू असतानाच्या कळा
पहिल्या स्लाइडपासून प्रारंभ — एफ ५
समोर असलेल्या स्लाइडपासून प्रारंभ — शिफ्ट व एफ ५ एकत्र
पुढे जाणे — उजवा बाण, पेज डाउन, स्पेस किंवा एंटर
मागे येणे — डावा बाण, पेज अप किंवा बॅकस्पेस
पहिली व अखेरची स्लाइड — अनुक्रमे होम व एंड
विशिष्ट स्लाइड — तिचा क्रमांक टंकून एंटर
पडदा काळा करणे — ‘बी’ किंवा पूर्णविराम
पडदा पांढरा करणे — ‘डब्ल्यू’ किंवा स्वल्पविराम
सादरीकरण संपविणे — एस्केप

यांपैकी ‘शिफ्ट व एफ ५’ ही जोडी लहान वाटली, तरी उपयुक्त आहे. वीज गेल्यामुळे, तार निघाल्यामुळे किंवा चुकून एस्केप दाबले गेल्याने सादरीकरण मध्येच बंद पडल्यास केवळ एफ ५ दाबणारा सादरकर्ता पहिल्या स्लाइडवर जाऊन पोहोचतो आणि सर्व स्लाइड श्रोत्यांपुढून भराभर पुढे ढकलीत बसतो. ही जोडी वापरल्यास थांबलेल्या जागेपासूनच पुढे जाता येते.

पडदा कोरा करण्याच्या कळेचा उपयोग फारच थोडे सादरकर्ते करतात. पडद्यावर उजळ मजकूर असेपर्यंत श्रोत्यांची नजर तिकडेच राहते. चर्चा सुरू झाली की ‘बी’ दाबून पडदा काळा केल्यास सर्वांचे लक्ष बोलणाऱ्याकडे वळते. तीच कळ पुन्हा दाबल्यास सोडलेली स्लाइड परत येते. प्रक्षेपक बंद करून पुन्हा सुरू करण्यात जाणारा वेळ यामुळे वाचतो. पांढऱ्या कोऱ्या पडद्याचा उपयोग फळ्यासारखा होतो. कंट्रोल व ‘पी’ या कळा एकत्र दाबल्यास माउसच्या दर्शकाचे लेखणीत रूपांतर होते व पडद्यावर लिहिता येते. कंट्रोल व ‘ए’ दाबल्यास बाणाचा दर्शक परत मिळतो, तर ‘ई’ दाबल्यास स्लाइडवरील सर्व खुणा पुसल्या जातात. सादरीकरण संपविताना या खुणा ठेवावयाच्या की टाकावयाच्या, अशी विचारणा सॉफ्टवेअर करते.

कंट्रोल दाबून धरून माउसचे डावे बटण दाबल्यास दर्शक तांबड्या प्रकाशबिंदूसारखा दिसतो. हातातील लेसर दर्शकापेक्षा तो काही वेळा अधिक सोयीचा असतो. कारण लेसरचा बिंदू दूरचित्रवाणी-संचाच्या काचेवर नीट उमटत नाही आणि दूरस्थ सभेत अन्य ठिकाणच्या श्रोत्यांना तो दिसतच नाही.

क्रम मोडण्याची नियंत्रणे : स्लाइडचा क्रमांक टंकून एंटर दाबणे हा क्रम मोडण्याचा सर्वांत जलद मार्ग आहे. यासाठी स्लाइडांच्या क्रमांकांची छापील यादी सादरकर्त्याजवळ असावी लागते. क्रमांक आठवत नसल्यास कंट्रोल व ‘एस’ दाबून स्लाइडांच्या शीर्षकांची यादी उघडता येते. मात्र प्रत्येक स्लाइडला अर्थपूर्ण शीर्षक दिलेले असेल, तरच या यादीचा उपयोग होतो. माउसचे उजवे बटण दाबल्यावर येणाऱ्या यादीत सर्व स्लाइड लहान आकारात पाहण्याची, तसेच आधी पाहिलेल्या स्लाइडवर परतण्याची सोय असते.

काही स्लाइड लपवून ठेवता येतात. क्रमाने पुढे जाताना त्या दिसत नाहीत. मात्र त्यांचा क्रमांक टंकल्यास लगेच उघडतात. संभाव्य प्रश्नांची उत्तरे, तपशीलवार तक्ते व जुन्या वर्षांचे आकडे अशा स्लाइडांत ठेवल्यास मूळ मांडणी आटोपशीर राहते आणि विचारणा होताच पुरावाही दाखविता येतो. स्लाइडवरील एखाद्या शब्दाला वा चित्राला दुसऱ्या स्लाइडचा दुवा जोडणे हीसुद्धा याच प्रकारची सोय आहे.

वाशिम जिल्ह्याची निर्मिती अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी झाली. वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा असे त्याचे सहा तालुके आहेत. केंद्र शासनाने जानेवारी २०१८ मध्ये सुरू केलेल्या आकांक्षित जिल्हा कार्यक्रमात महाराष्ट्रातील ज्या चार जिल्ह्यांचा समावेश झाला, त्यांपैकी वाशिम हा एक होय. आरोग्य व पोषण, शिक्षण, शेती व जलसंपत्ती, वित्तीय समावेशन व कौशल्यविकास आणि मूलभूत सुविधा या क्षेत्रांतील ४९ निर्देशकांवर या कार्यक्रमाचे मूल्यमापन आधारलेले होते. इतके निर्देशक व सहा तालुके यांची माहिती सरळ क्रमाने दाखवावयाची झाल्यास शंभरावर स्लाइड होतील आणि हवी ती माहिती हाती लागणार नाही. याउलट पहिल्या स्लाइडवर जिल्ह्याचा नकाशा ठेवून प्रत्येक तालुक्याच्या नावाला त्याच्या माहितीचा दुवा जोडला व तालुक्याच्या स्लाइडवर नकाशाकडे परतण्याचा दुवा दिला, तर सभेतील प्रश्नानुसार मानोऱ्याहून रिसोडकडे क्षणात जाता येते. जिल्ह्याची सरासरी समाधानकारक असूनही एखादा तालुका मागे असू शकतो. अशा वेळी तालुक्याची स्लाइड तत्काळ उघडता येणे हे त्या सरासरीची परीक्षा घेण्याचे साधन ठरते.

शेतकरी मेळाव्याचे उदाहरण : सोयाबीन हे वाशिम जिल्ह्याचे खरिपातील प्रमुख पीक आहे. जिल्हा अकोला येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. रिसोड तालुक्यातील करडा येथे कृषि विज्ञान केंद्र आहे. राज्यातील नानाजी देशमुख कृषि संजीवनी प्रकल्पातही या जिल्ह्याचा समावेश झाला. खरिपापूर्वी होणाऱ्या मेळाव्यांत व शेतीशाळांत बियाण्याची उगवणशक्ती हा महत्त्वाचा विषय असतो. २०२० च्या खरिपात महाराष्ट्रात सोयाबीनचे बियाणे न उगवल्याच्या तक्रारी फार मोठ्या प्रमाणात झाल्या होत्या. पेरणी फसल्यास बियाणे, खत व मजुरी यांचा खर्च वाया जातो आणि दुबार पेरणीत पावसाचे मोलाचे दिवस निघून जातात.

समजा, अशा मेळाव्यात वीस स्लाइडांचे सादरीकरण आहे. सहाव्या स्लाइडवर घरगुती उगवण चाचणीची कृती दिली आहे : १०० दाणे ओल्या गोणपाटावर ओळीने मांडून त्याची गुंडाळी करावयाची, ती ओलसर ठेवावयाची आणि सु. एका आठवड्याने चांगले कोंब आलेले दाणे मोजावयाचे. ७० वा अधिक दाणे उगवल्यास एकरी ३० किग्रॅ. बियाणे पुरेसे मानले जाते. उगवण कमी असल्यास त्या प्रमाणात बियाणे वाढवावे लागते. चौदाव्या स्लाइडवर रुंद वरंबा-सरी पद्धतीने पेरणी कशी करावी, याची आकृती आहे. सादरकर्ता या आकृतीवर बोलत असताना एक शेतकरी विचारतो, ‘‘साहेब, माह्या घरच्या बियाण्याचे शंभरातले साठच उगवले, तं एकरी किती टाकू?’’

या क्षणी सादरकर्त्यापुढे तीन मार्ग असतात. ‘ते मागे होऊन गेले, शेवटी सांगतो’ असे म्हणणे हा पहिला मार्ग. त्यात शेतकऱ्याचा प्रश्न बहुधा अनुत्तरित राहतो. आठ वेळा मागचा बाण दाबीत सहाव्या स्लाइडपर्यंत जाणे हा दुसरा. त्यात सभेचे लक्ष विचलित होते आणि सजीवन म्हणजे अ‍ॅनिमेशन असलेल्या स्लाइडांवर ते टप्प्याटप्प्याने उलगडत बसावे लागते. तिसरा मार्ग म्हणजे ६ टंकून एंटर दाबणे. लगेच चाचणीची स्लाइड समोर येते. मग ‘डब्ल्यू’ दाबून पांढऱ्या पडद्यावर लेखणीने गणित मांडता येते : ३० ला ७० ने गुणून ६० ने भागले असता ३५ येतात, म्हणजे एकरी ३५ किग्रॅ. बियाणे लागेल. त्यानंतर पांढरा पडदा काढून १४ व एंटर दाबले की सोडलेला धागा पुन्हा हाती येतो. या सर्वास एखाद-दुसरे मिनिट पुरते. प्रश्न एकाने विचारलेला असला, तरी तसेच बियाणे घरी असलेल्या अनेकांना त्याचे उत्तर मिळते.

पडद्यावरील भाषा व सभेतील भाषा यांतील अंतरही येथे विचारात घ्यावे लागते. स्लाइड प्रमाण मराठीत असतात. श्रोत्यांचे बोलणे वऱ्हाडीत चालते. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे प्रमुख श्रद्धास्थान असून जिल्ह्यात गोरमाटी बोलणाऱ्यांची वस्तीही मोठी आहे. एखादी संज्ञा बोलीत समजावून सांगण्यास सादरकर्त्याला थांबावे लागते. स्लाइड आपोआप पुढे सरकत असतील, तर असे थांबणे शक्य होत नाही. सरावाच्या वेळी नोंदलेल्या वेळा फाइलमध्ये तशाच राहिल्याने किंवा दुसऱ्याकडून घेतलेल्या फाइलमध्ये त्या आधीच असल्याने हा प्रकार घडतो. ‘एस’ कळ दाबल्यास आपोआप सरकणे थांबते. सभेपूर्वीच वेळांचा वापर बंद ठेवणे अधिक चांगले.

दोन पडद्यांची व्यवस्था : विंडोज चिन्हाची कळ व ‘पी’ एकत्र दाबल्यास संगणकाचा स्वतःचा पडदा व बाहेरचा पडदा यांतील संबंध ठरविता येतो. दोन्हींकडे एकच चित्र दाखविणे हा एक पर्याय व दोन्हींकडे वेगवेगळी चित्रे ठेवणे हा दुसरा. दुसऱ्या पर्यायात ‘प्रेझेंटर व्ह्यू’ ही सोय मिळते. श्रोत्यांना केवळ चालू स्लाइड दिसते; सादरकर्त्याला मात्र आपल्या पडद्यावर चालू स्लाइड, पुढची स्लाइड, स्वतःची टिपणे व गेलेला वेळ ही सर्व दिसतात. टिपणे स्वतंत्र दिसू लागली की सगळे भाषण स्लाइडवर लिहिण्याची गरज उरत नाही आणि पडद्याकडे तोंड करून वाचण्याची सवयही सुटते. काही वेळा दोन पडद्यांची अदलाबदल होऊन खाजगी टिपणे श्रोत्यांपुढे येतात. ‘प्रेझेंटर व्ह्यू’मधील पडदे बदलण्याच्या आज्ञेने ही चूक दुरुस्त करता येते. सादरीकरणापूर्वी मोबाइल व संगणक यांवरील संदेशसूचना बंद ठेवणे इष्ट असते.

हातात धरावयाचा दूरनियंत्रक ‘क्लिकर’ या नावाने ओळखला जातो. संगणकाच्या यूएसबी खाचेत बसविलेल्या ग्राहकाकडे तो बिनतारी संदेश पाठवितो आणि संगणकास तो पेज डाउन व पेज अप या कळांसारखा भासतो. त्यामुळे सादरकर्त्याला श्रोत्यांमध्ये फिरता येते. मात्र बहुतेक क्लिकरांवर क्रमांकांची बटणे नसल्याने मधली स्लाइड काढण्यासाठी कळफलकाजवळच यावे लागते.

नेहमीच्या अडचणी : मराठी सादरीकरणात अक्षरांच्या अडचणी वारंवार उद्‌भवतात. यूनिकोडपूर्व काळातील टंकांत लिहिलेला मजकूर तो टंक नसलेल्या संगणकावर रोमन अक्षरांच्या निरर्थक ओळींसारखा दिसतो. यूनिकोड वापरल्यास मजकूर वाचनीय राहतो. तरीही वेगळा टंक लागल्याने ओळी तुटू वा सरकू शकतात. त्यासाठी टंक फाइलमध्येच समाविष्ट करणे आणि पीडीएफ स्वरूपातील एक प्रत जवळ ठेवणे हे उपाय केले जातात. जुन्या प्रक्षेपकांचा पडदा ४:३ व नव्या स्लाइडांचा १६:९ या प्रमाणात असल्यास चित्राच्या वर-खाली काळ्या पट्ट्या उरतात व अक्षरे लहान होतात. ग्रामपंचायतीच्या सभागृहात किंवा शाळेच्या वर्गात पुरेसा अंधार करता येत नाही. तेथे फिकट रंगांचे तक्ते दिसत नाहीत. वीज गेल्यास लॅपटॉप चालू राहतो, पण प्रक्षेपक बंद पडतो. अशा वेळी सादरीकरण न संपविता तसेच ठेवल्यास वीज येताच तीच स्लाइड पुन्हा पडद्यावर येते. तोपर्यंत छापील तक्त्यावरून बोलणे चालू ठेवता येते.

मर्यादा : नियंत्रणे कितीही उत्तम वापरली, तरी स्लाइडवर जे लिहिलेच नाही, ते त्यांच्या साहाय्याने दाखविता येत नाही. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया हे अंतराळयान नष्ट होऊन कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीरांचा मृत्यू झाला. त्या अपघाताच्या चौकशी मंडळाने तांत्रिक अहवालांऐवजी सादरीकरणाच्या स्लाइडांवर विसंबण्याच्या नासातील प्रथेवर टीका केली. यानाच्या पंखाला झालेल्या आघाताविषयीची महत्त्वाची अनिश्चितता एका स्लाइडवरील दाट मजकुरात खालच्या पातळीवर दडून गेली होती. त्याच वर्षी अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड टफ्टी यांनी विचारांचे तुकडे करून ते ठिपक्यांच्या यादीत बसविण्याच्या या पद्धतीचे दोष एका पुस्तिकेत दाखवून दिले. तात्पर्य, गुंतागुंतीच्या विषयात सविस्तर लेखी टिपण आधी देणे आणि स्लाइडांचा उपयोग त्यावरील चर्चेसाठी करणे अधिक सुरक्षित असते.

पडद्यावरील चित्र क्षणभंगुर असते. महाराष्ट्रातील ग्रामपंचायतविषयक १९५८ च्या अधिनियमानुसार भरणाऱ्या ग्रामसभेत कामांची यादी व खर्चाचे तक्ते पडद्यावर दाखविले गेले, तरी मागे बसलेल्यांना ते वाचता येतीलच असे नाही आणि स्लाइड पुढे सरकल्यावर त्यांतील आकडे लक्षात राहत नाहीत. म्हणून महत्त्वाचे तक्ते कागदावर छापून फलकावर लावणे, प्रत्येक स्लाइडवर ठळक क्रमांक देणे आणि ‘अमुक क्रमांकाची स्लाइड पुन्हा दाखवा’ असे म्हणण्याची मुभा सभेच्या आरंभीच जाहीर करणे उपयुक्त ठरते. स्लाइडवर क्रमांक दिसत असेल, तर संगणकाची काहीच माहिती नसलेल्या श्रोत्यालाही हवी ती स्लाइड मागता येते. आणि सादरकर्त्याला तो क्रमांक टंकून एंटर दाबणे एवढेच करावे लागते.